पाहुण्याला विचारावं लागू नये



जून सरत आला की आमच्या बेळगावात पाऊस लागून राहतो. गाद्यांना ऊन दाखवता येत नाही, टॉवेल वाळत नाहीत, घरात ओल्या कपड्यांचा वास भरतो. कुणी मुक्कामाला येऊ नये असं वाटायला लावणारे हे दिवस. आणि नेमकं याच दिवसांत, वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या ‘अ’ वर्षी, सामान्य काळातल्या तेराव्या रविवारी पहिल्या वाचनात मुक्कामाच्या पाहुण्याची गोष्ट येते. दुसऱ्या राजे या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली, शूनेम गावच्या बाईची गोष्ट.

ही गोष्ट मी धर्मशिक्षणाच्या वर्गात कितीतरी वेळा शिकवली आहे. अलीशा संदेष्टा त्या गावावरून जाता-येता तिच्या घरी जेवत असे. एके दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, हा देवाचा माणूस आहे, त्याच्यासाठी गच्चीवर एक लहानशी खोली बांधू. खोलीत चार वस्तू ठेवू: खाट, मेज, खुर्ची आणि दिवा. म्हणजे तो येईल तेव्हा तिथं उतरेल. पुढं तिला मूल होण्याचं वचन मिळालं, म्हणून वर्गात मी नेहमी तेवढाच धडा काढायचो की देवाच्या माणसाची सेवा केली तर देव आशीर्वाद देतो. मुलं फळ्यावरून उतरवून घ्यायची आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळायचो.

त्या चार वस्तूंकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. ते मला एका मावशीनं पाहायला लावलं.

बेळगाव हे दवाखान्यांचं गाव आहे. खानापूर, चंदगड, आजरा, सावंतवाडी, पार घाटाखालच्या गोव्यातूनही माणसं इथं उपचाराला येतात. पेशंटला खाट मिळते. सोबतच्या माणसाला मिळतेच असं नाही. काही वर्षांपूर्वी अशाच पावसाळ्यात फादरांचा फोन आला. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली विधवा बाई, तरुण मुलाचा मोटारसायकलवरून अपघात झालेला, मुलगा अतिदक्षता विभागात. तिथं रात्री कुणाला थांबू देत नाहीत. चार-पाच रात्री कुणाकडे सोय होईल का? मी फोनवरच म्हणालो, “आमच्याकडे पाठवा, फादर.” मग घरी फोन करून पत्नीला कळवलं.

लक्षात घ्या, कळवलं. विचारलं नाही. त्याबद्दल पुढं सांगतो.

मावशी आल्या. हातात कापडी पिशवी, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. आम्ही आमच्या परीनं काही कमी केलं नाही. त्यांची पिशवी ओली होऊ नये, पायात येऊ नये म्हणून मी ती उचलून माळ्यावर ठेवली. पत्नीनं कोंबडी आणवली, रस्सा केला, तांदळाच्या भाकरी केल्या. हॉलमध्ये नवी चादर घालून बिछाना केला. मावशी म्हणाल्या, “भाजी निवडू काय?” आम्ही दोघंही एका सुरात म्हणालो, “नको, नको, तुम्ही बसा!” त्या बसल्या. शेजारची तीन माणसं येऊन विचारून गेली, डॉक्टर काय म्हणाले? मावशींनी तिघांना तेच सांगितलं आणि तिघांपुढं डोळे पुसले. जेवताना आम्ही “आणखी एक भाकरी घ्या, काहीच खाल्लं नाही तुम्ही” असा आग्रह करत राहिलो. त्यांना घास गिळवत नव्हता. पानात अन्न राहिलं, ते पाहून पत्नी मनातून दुखावली.

दोन रात्री अशा गेल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, “मी हितंच ऱ्हाते व्हरांड्यात, पोराजवळ बरं वाटतंय.” आईची माया, असं आम्ही म्हटलं. पण खरं सांगतो, थोडा रागही आला. एवढं केलं, तरी व्हरांड्यातली फरशीच गोड वाटली?

देवाच्या कृपेनं मुलगा वाचला. महिन्याभरानं मावशी घरच्या तांदळाची पिशवी घेऊन भेटायला आल्या. त्या दिवशी पत्नीच्या हातात मेथीची जुडी होती. मावशींनी न विचारता ती ओढून घेतली आणि निवडायला बसल्या. निवडता निवडता त्या पत्नीपाशी बोलल्या ते असं: “तुमच्यात समदं लई चांगलं हुतं, बाई. पन परत्येक गोष्ट इचारायची लाज वाटायची. व्हरांड्यात कुनाला काय इचारायला लागत न्हाई.”

मग एकेक गोष्ट बाहेर आली. पिशवी माळ्यावर ठेवली त्यात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. खाली काढून द्या म्हणायचा संकोच, म्हणून दोन दिवस गोळी घेतलीच नाही. हॉलमध्ये बिछाना, आणि आमची मुलं अकरापर्यंत तिथंच टीव्हीवर क्रिकेट बघत होती. घरचे सगळे झोपेपर्यंत त्या भिंतीला टेकून बसून राहिल्या. संडासाच्या दिव्याचं बटण आमच्याकडे बाहेर, फ्रिजच्या मागं आहे. कडी जरा वर उचलून मग सरकवावी लागते. आम्हाला ते अंगवळणी पडलेलं, त्यांना कोण सांगणार? पहाटे चारला जाग आली आणि सहापर्यंत त्या अंधारात अंथरुणावर बसून राहिल्या, आमच्यापैकी कुणीतरी उठेल याची वाट बघत.

बंधुभगिनींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही मावशींना कोंबडीचा रस्सा दिला होता, पण दिव्याचं बटण दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे आणि तेच आज मांडायचं आहे. आपण पाहुणचार म्हणजे काय काय दिलं ते मोजतो. पाहुण्याला मात्र काय काय मागावं लागलं त्याचा हिशेब लक्षात राहतो. मुक्कामाच्या पाहुण्याला ज्या घरात कमीत कमी विचारावं लागतं, तिथं त्याला खरी विश्रांती मिळते. बाकी पंचपक्वान्नं, नवी चादर, गोड बोलणं, हे सगळं चांगलंच. पण ते नंतरचं.

आता शूनेमच्या बाईची ती खोली पुन्हा पाहा.

पहिली खाट. म्हणजे निजण्याची अशी जागा, जी त्या रात्रीपुरती त्याची आहे. तिच्यापाशी श्रीमंती होती, गच्ची होती. आपल्यातल्या पुष्कळांकडे दोन खोल्या आहेत. हरकत नाही. हॉलच्या एका कोपऱ्यात दोरी बांधून चादरीचा पडदा करता येतो. पाहुणा असेल तेवढे दिवस टीव्ही साडेनऊला बंद करता येतो. पावसाळ्यात अंगावर घ्यायला एक जास्तीची चादर किंवा घोंगडं न मागता उशाशी ठेवता येतं. आणि “तुम्हाला झोप आली की खुशाल पडा, आमच्यासाठी थांबू नका” हे शब्द मोठ्यानं म्हणता येतात. घरचे जागे असताना पाहुणा पहिला झोपत नाही, ही आपल्याकडची रीत आहे. ती मोडण्याची मोकळीक यजमानानंच द्यायची असते.

दुसरं मेज. संदेष्ट्याला मेज कशाला? आपलं सामान ठेवायला, असं मला वाटतं. घरापासून दूर असलेल्या माणसाचं अर्धं घर त्याच्या पिशवीत असतं. गोळ्या, चष्मा, दवाखान्याचे कागद, जपमाळ, मोबाइलचा चार्जर. ती पिशवी त्याच्या हाताला लागेल अशी हवी. एक स्टूल, भिंतीला एक खुंटी, जवळ मोबाइल लावायला एक प्लग, पाण्याचा तांब्या आणि पेला, एवढं पुरतं. त्याच रविवारच्या शुभवर्तमानात, मत्तयच्या दहाव्या अध्यायात, प्रभू गार पाण्याच्या एका पेल्याची गोष्ट करतो. तो देणाऱ्याचं प्रतिफळ वाया जात नाही, असं सांगतो. मी पूर्वी समजायचो, मागितल्यावर दिलेला पेला. आता वाटतं, रात्री तहान लागण्याआधी उशाशी ठेवलेला पेला जास्त मोलाचा.

तिसरी खुर्ची. खुर्चीवर माणूस बसतो, आणि बसलेल्या माणसाशी आपण कसे वागतो ते महत्त्वाचं. मुक्कामाला आलेला माणूस बऱ्याचदा कशाच्या तरी काळजीत असतो: आजार, कोर्टाची तारीख, मुलाची परीक्षा, सैन्यातली भरती. आपल्या शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. भरती निघाली की लांबलांबची पोरं इथं येतात, आणि ज्यांना कुणी ओळखीचं नसतं ती रस्त्याकडेला पथारी टाकतात. अशा माणसाला प्रश्न नको असतात. बोलायचं झालं तर तो बोलेल. नाही बोलला तर शेजारी बसून शेंगा सोलाव्यात. शेजाऱ्यांनाही दारातच सांगावं, की आज त्यांना विसावू द्या.

आणि खुर्ची ही काम करायलाही असते. मावशींना आम्ही “नको, बसा” म्हणून उपकाराच्या ओझ्याखाली बसवून ठेवलं होतं. लूकच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे शिष्य आठवा. दिवस कलला होता, म्हणून त्यांनी अनोळखी वाटसरूला आग्रहानं घरी ठेवून घेतलं. जेवायला बसल्यावर भाकर कुणी हातात घेतली? पाहुण्यानं. त्यानं ती घेतली, आशीर्वाद मागितला, मोडली आणि त्यांना दिली. तेव्हा त्यांचे डोळे उघडले. त्या दोघांनी जर “नको, नको, तुम्ही बसा” म्हणून भाकर त्याच्या हातून काढून घेतली असती तर? पाहुण्याला भाजी निवडू द्या. ताट धुऊ द्या. मुलांचा अभ्यास घेऊ द्या. त्याच्या हाताला काम दिलं की तो आपल्या घरात आश्रित राहत नाही, घरचा होतो.

चौथा दिवा. याबद्दल मला जास्त सांगायला नको. पाहुणा आल्यावर चहाच्या आधी त्याला घर दाखवावं. हे बटण, ही कडी, हा गीझर, ही बादली, हा साबण, हा टॉवेल तुमचा. रात्री संडासाकडचा दिवा चालू राहू द्यावा. वीज गेली तर म्हणून एक बॅटरी जवळ ठेवावी. सकाळी पाणी किती वाजता येतं, आपण किती वाजता उठतो, चहा कुठं ठेवलेला असतो, दाराची किल्ली कुठं असते, हे आदल्या रात्रीच सांगावं. दोन मिनिटांचं काम आहे. बाई पाहुणी असेल तर घरातल्या बाईनं तिला एकटीला बाजूला घेऊन आणखी काही हवं का ते विचारावं. काही गोष्टी पुरुषांसमोर बोलता येत नाहीत.

हे झालं पाहुण्याचं. आता घरच्या माणसाचं, ज्याच्याबद्दल आपल्या प्रवचनांत फारसं येत नाही.

मावशी गेल्यावर मी पत्नीला म्हणालो, आपलं चुकलंच. ती म्हणाली, “आपलं नाही. तुम्ही फादरांना हो म्हणालात. मला विचारलंत का? मी शाळेतून दमून आले, ओले कपडे तसेच, आणि तुमचा फोन. मी त्या बाईकडे बघू की कोंबडीकडे बघू?”

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम भर दुपारी तीन अनोळखी माणसांना पाहून धावत सुटतो. थोडं पाणी, थोडी भाकर एवढंच बोलतो आणि प्रत्यक्षात कोवळं वासरू कापवतो. मोठ्या मनाचा माणूस. पण तंबूत जाऊन तो साराला सांगतो, तीन मापं सपीठ लवकर मळ आणि भाकरी कर. पीठ साराच मळते. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत ही गोष्ट नवी नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे, रेव्हरंड टिळकांचं मन किती मोकळं आणि त्या मोकळ्या मनाचा संसार लक्ष्मीबाईंनी कसा निभावला. त्याचं आपण कौतुक करतो, पण त्यातून शिकत नाही. शूनेमच्या बाईनं मात्र खोली बांधायच्या आधी नवऱ्याला विचारलं होतं, दोघांनी मिळून ठरवलं होतं. पाहुणा घरी आणण्याआधी घरच्या माणसाला विचारणं हा पाहुणचाराचा पहिला भाग आहे. जिच्या मनाविरुद्ध चूल पेटते तिच्या चेहऱ्यावर ते दिसतं, आणि पाहुण्याला सगळ्यात आधी तेच कळतं. पेत्रानं आपल्या पहिल्या पत्रात कुरकुर न करता आतिथ्य करायला सांगितलं आहे. कुरकुर नको असेल तर कामही वाटून घ्यायला हवं. पाहुणा मी आणला, तर बिछाना मी घालीन, ताटं मी घाशीन आणि सकाळचा चहा मी करीन. स्वयंपाक साधा असेल: भात, आमटी, एखादी भाजी. जो रोज खातो तेच दोन घास जास्तीचं.

याच जुलैच्या २९ तारखेला आपण मार्था, मरीया आणि लाजर यांचा स्मरणदिन पाळतो. पूर्वी तो एकट्या मार्थेचा होता. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांच्या संमतीनं तो तिघा भावंडांचा झाला. मला हा बदल फार आवडतो. मार्थेची सेवा खरी, मरीयेचं पायाशी बसणंही खरं, आणि लाजराचं नुसतं सोबत असणंही खरं. बेथानीचं घर या तिघांचं मिळून होतं, आणि प्रभू तिथं पुन्हा पुन्हा जात होता. एकानं स्वयंपाक करावा, एकानं पाहुण्याजवळ बसावं. आणि कधी अदलाबदल करावी.

काही जण म्हणतील, सर, हे सगळं जुन्या काळात ठीक होतं. आता फ्लॅट लहान, मुलांच्या परीक्षा, अनोळखी माणसाचा भरवसा काय? आणि लॉज आहेतच की.

यातलं काही मला मान्य आहे. सुरक्षिततेची काळजी घेण्यात कमीपणा नाही. त्यांच्या धर्मग्रामातून फादरांची चिठ्ठी किंवा फोन असावा. ओळखपत्र पाहायला लाजू नये. ज्या घरात बाई एकटी किंवा मुली एकट्या आहेत, त्या घरानं अनोळखी पुरुषाला ठेवून घ्यावं असं मी कधीच म्हणणार नाही. आणि काही पाहुण्यांना लॉजच बरं वाटतं. त्यांना ओढून घरी आणणं हाही एक त्रासच. त्यांच्यासाठी रात्रीचा डबा पाठवावा, सकाळी एकदा भेटून यावं. जमत नसेल तर स्पष्ट म्हणावं, “आज आमच्याकडे जमणार नाही, पण जेवण मी आणून देतो.” आढेवेढे घेऊन हो म्हणण्यापेक्षा हा नकार कितीतरी प्रेमळ.

पण “आमचं घर लहान आहे” हे कारण मात्र मला पटत नाही. सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल होतं, तरी एलीया तिच्याकडे राहिला. घर लहान म्हणून आपण नाही म्हणत नाही. घर दिसेल म्हणून नाही म्हणतो. पोपडे आलेली भिंत, तुटलेला नळ, जुनी गादी लोकांना दिसेल, ही आपली भीती. ही भीती मी ओळखतो, कारण मावशींसाठी नवी चादर काढताना ती माझ्याही मनात होती. ती चादर मावशींसाठी नव्हतीच, माझ्या अब्रूसाठी होती.

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टचा सण ११ जुलैला येतो. त्यानं मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा त्रेपन्नावा अध्याय पाहुण्यांबद्दल आहे. येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत साक्षात ख्रिस्ताचं करावं तसं करा, हे त्यातलं प्रसिद्ध आहे. पण त्याच अध्यायात तो दोन व्यवहाराच्या गोष्टीही सांगतो. पाहुणे अवेळी येतात, आणि मठात त्यांची कधी वाण नसते. म्हणून त्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवा, म्हणजे बाकीच्यांची घडी विस्कटणार नाही. आणि पुरेसे बिछाने आधीच तयार ठेवा. शिवाय तो बजावतो की गरिबांची आणि यात्रेकरूंची काळजी जास्त घ्या, कारण श्रीमंतांना मान द्यायला त्यांचा दराराच पुरेसा असतो. आपल्याकडे नेमकं उलट होतं. मुंबईचे, दुबईचे नातेवाईक यायचे म्हटलं की आठवडाभर घर धुतलं जातं. खेड्यातला माणूस येतो तेव्हा आपण घड्याळाकडे बघतो.

म्हणून आपल्या धर्मग्रामाला माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहानं आपल्यातली दोन-तीन घरं ठरवावीत, जी वेळ पडल्यास एक-दोन रात्रींसाठी कुणाला ठेवून घेऊ शकतील. नवरा-बायको दोघांनी हो म्हटलेली घरं. ज्यांना घरी ठेवता येत नाही त्यांनी डब्याचा, दवाखान्यापर्यंत सोडण्याचा, धुतलेल्या चादरींचा वाटा उचलावा. म्हणजे फादरांना ऐनवेळी एकाच घराला फोन करावा लागणार नाही, आणि एकाच बाईच्या चुलीवर सगळा भार पडणार नाही. पाहुणा आपल्या धर्माचा नसेल तर? ठेवून घ्यावा. काय चालतं, काय चालत नाही ते आधी विचारून त्याप्रमाणे रांधावं. आपण रोजची सायंप्रार्थना करावी. त्याला बसायचं असेल तर बसेल, नसेल तर मुकाट्यानं पडून राहील. त्याच्या अडचणीत आपण त्याला प्रार्थनेला बसवलं, असं त्याला वाटता कामा नये.

आपणही कधी पाहुणे असतो, हे विसरू नये. संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला आपल्या भागातून पायी जुने गोव्याला जाणाऱ्यांना विचारा. पाय सुजलेले असताना कुणीतरी अंगणात चटई टाकली, गरम पाणी दिलं, मोरी कुठं आहे ते न विचारता दाखवलं, तर ते घर आयुष्यभर लक्षात राहतं. त्या घरी काय जेवलो ते मात्र आठवत नाही.

मावशींच्या नंतर दोन वर्षांनी चंदगडकडचे एक काका आमच्याकडे चार रात्री होते, त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन होतं. या वेळी मी आधी घरात विचारलं. पत्नी म्हणाली, “येऊ देत, पण मी भात-आमटीच करणार.” मी आल्याआल्या काकांना बटण दाखवलं, कडी उघडून दाखवली, पिशवी स्टुलावर ठेवली. मुलांनी टीव्ही लवकर बंद केला. काकांनी स्वतःचं ताट स्वतः धुतलं आणि कुणी अडवलं नाही. पहिल्याच रात्री साडेदहाच्या सुमाराला पडद्यामागून मोठ्यानं घोरण्याचा आवाज येऊ लागला. मुलं तोंड दाबून हसायला लागली. पत्नीनं त्यांना गप्प केलं, पण तिच्याही चेहऱ्यावर हसू होतं. ती हळूच म्हणाली, “झोप लागली वाटतं पाहुण्याला.”

आमच्या घराला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र तेच.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू जक्कयच्या घरी उतरलास, बेथानीत विसावलास, अम्माऊसमध्ये भाकर मोडलीस. आमच्या दारी तू येशील तेव्हा आम्ही आमची भांडी-चादरी दाखवण्यात गुंतून तुला अंधारात बसवून ठेवू नये, एवढी समज आम्हाला दे. जे आज रात्री परक्या गावात, दवाखान्याच्या व्हरांड्यात, बसस्टँडवर जागे आहेत, त्यांना निजायला जागा दे आणि ती जागा आमच्या घरात असेल तर आमचं मन मोकळं कर. आमेन.